आत्मकथन लिहिताना

आत्मचरित्र लिहिण्यासाठी माणूस मोठा असावा लागतो, हा समज मराठीने फार पूर्वीच निकालात काढला आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने 1857 मध्ये उत्तरेकडे निघालेले कर्जबाजारी भिक्षुक होते. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचे शिक्षण नव्हते. बेबी कांबळे फलटणमध्ये किराणा मालाचे छोटे दुकान चालवत. ‘माझा प्रवास’, ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘जिणं आमुचं’ ही त्यांची पुस्तके आजही वाचली जातात. सेवानिवृत्तीनंतर निघालेली अनेक जाडजूड आत्मचरित्रे मात्र ग्रंथालयाच्या कपाटातून बाहेर येत नाहीत, कारण त्यांत बदल्यांच्या हुकमांचा क्रम, सत्कार समारंभांचे फोटो आणि मान्यवरांचे अभिप्राय यांपलीकडे फारसे काही नसते. वाचकाला माणूस कसा जगला ते हवे असते. ते त्याच्या हाती देण्यासाठी लिहिणाऱ्याला दोन कामे करावी लागतात: तपशील जमवणे आणि त्यातले काय सांगायचे ते निवडणे. बाकीचे सारे या दोहोंच्या मागून येते.

निवड लिहायला बसण्यापूर्वीच सुरू होते. जन्मापासून आजपर्यंतचे सगळे सांगायचे, असे ठरवून बसणारे बहुतेक जण बालपणाच्या वहीतच अडकतात. सगळे आयुष्य सांगण्याची सक्ती कोणीच केलेली नाही. ‘माझा प्रवास’मध्ये एका प्रवासाची हकीकत आहे, त्या प्रवासात बंड आणि झाशीचा वेढा आला म्हणून ती इतिहासाला उपयोगी पडली. सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ (1927) अंदमानच्या वर्षांभोवती फिरते. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910) या पुस्तकात निवेदन रमाबाईंचे असले, तरी मध्यभागी घरातले न्यायमूर्ती रानडे आहेत. माधव कोंडविलकरांनी ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ रोजनिशीच्या रूपात लिहिले. पहिल्यांदाच लिहिणाऱ्याने दहा-पंधरा वर्षांचा, ज्यात काही बदलले असा एक पट्टा घ्यावा: गाव सोडून गिरणीत नोकरी लागेपर्यंतचा काळ, धरणात गाव गेले ती वर्षे, शिक्षिकेच्या नोकरीतली पहिली तीन गावे, किंवा परदेशात बस्तान बसेपर्यंतचा काळ. तो पूर्ण झाला की मागेपुढे जाता येते. आनंद यादवांनी ‘झोंबी’मध्ये (1987) शिक्षणासाठीची झुंज सांगितली आणि पुढचे आयुष्य ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ या वेगळ्या पुस्तकांत मांडले.

वाचक कोण, हेही याच वेळी ठरलेले बरे. नातवंडांसाठी पन्नास प्रती काढायच्या असतील तर घरातल्या माणसांची ओळख करून देण्याची गरज नसते, पण जुन्या व्यवहारांची असते: पायली म्हणजे किती, सोवळे कसे पाळत, तार कशी यायची. पुस्तक बाजारात जायचे असेल तर उलट. तिथे आत्याच्या सासरची सगळी नावे कोणाला नको असतात. दोन्ही वाचकांना एकाच पुस्तकात खूश करण्याचा प्रयत्न सहसा फसतो.

यापुढचे काम कागदपत्रांचे आहे आणि त्याला महिना-दोन महिने सहज जातात. स्मृतीवर विसंबून लिहिणे सोपे वाटते, पण स्मृती तारखा गमावते आणि क्रम उलटापालटा करते. घरातली लोखंडी पेटी आधी उघडावी. जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून सेवापुस्तकाच्या प्रतीपर्यंतचे दाखले, बँकेची आणि पोस्टाची पासबुके, विम्याच्या पावत्या, रेशन कार्ड, हिशेबाच्या वह्या, दवाखान्याचे केसपेपर, फोटोंच्या मागच्या बाजूला लिहिलेली वर्षे, हे सारे वर्षवार लावून ठेवावे. हिशेबाची वही दिसायला रुक्ष असते, पण तिच्यात घराची खरी स्थिती असते. कोणत्या महिन्यात किराणा उधार आला, दिवाळीला कापड घेतले की नाही, कोणाच्या आजारपणात दागिना गहाण पडला, हे तिच्यावरून कळते.

शाळेच्या दाखल्याकडे थोडे सावधपणे पाहावे लागते. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख 1 जून आहे. शाळा जूनमध्ये भरत, मूल दाखल करायला आणलेल्या पालकांना तारीख ठाऊक नसे, आणि गुरुजी अंदाजाने वर्ष धरून 1 जून लिहून टाकत. पुस्तकात ही तारीख देताना ती दाखल्यावरची आहे, एवढे तरी सांगावे. आई ‘आखाडात झाला, नदीला पूर होता’ असे सांगत असेल तर तीही नोंद द्यावी. बहुधा तीच अधिक खरी असते. शाळेतल्या जनरल रजिस्टरमध्ये दाखल होण्याची आणि शाळा सोडण्याची तारीख असते, आणि सोडण्याचे कारणही असते. मुलीच्या नावापुढे त्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहावे. एखादे प्रकरण त्या दोन-तीन शब्दांतून उभे राहू शकते.

जमीन असलेल्या घरांत सातबारापेक्षा फेरफार उतारे अधिक बोलके असतात. आजोबा केव्हा वारले, वारस म्हणून कोणाकोणाची नावे लागली, वाटणी केव्हा झाली, कूळ म्हणून कोण लागले, कोणाचा बोजा चढला आणि केव्हा उतरला, हे त्यांत क्रमाने येते. बहिणींची नावे वारसांत लागून पुढच्याच फेरफारात हक्कसोडपत्राने कमी झाली असतील, तर त्या दोन नोंदींच्या मध्ये घरात काय घडले हा आत्मकथनाचाच विषय आहे. जुने उतारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात आणि अनेक जिल्ह्यांचे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. गाव नमुना 14, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. जुन्या नोंदी मोडीत असतात. मोडी वाचणारे जाणकार अनेक जिल्ह्यांत आहेत, आणि अलीकडे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून त्यांना उसंत नाही, म्हणून कागद आधी एकत्र करून एकदाच त्यांच्याकडे न्यावेत. मराठवाड्यातले जुने महसुली कागद उर्दूतही सापडतात आणि त्यांवर फसली सन असतो. त्यात सुमारे 590 मिळवले की इसवी सन येतो. शक असेल तर 78 मिळवावेत, आणि तिथी जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची असेल तर 79. गोव्यातल्या घरांच्या जुन्या जन्म-विवाहनोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत शोध माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही नावांनी घ्यावा. पूर्वी लग्नात मुलीचे पहिले नावही बदलत असल्याने एकाच बाईची कागदोपत्री दोन माणसे झालेली असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतूनही चार-पाच पिढ्यांची नावे मिळतात, मात्र ती पुस्तकाच्या सुरुवातीला ओळीने ओतायची नसतात. वंशावळ शेवटी एका पानावर द्यावी. ज्यांना हवी ते पाहतील.

कागद लागले की एक कालपट तयार करावा. मोठ्या कागदावर डावीकडे वर्षे, मधल्या रकान्यात घरातल्या घटना आणि उजवीकडे बाहेर घडलेल्या गोष्टी. बाहेरच्या घटना आठवणींना खुंटी देतात. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, म्हणून आण्यांत दिलेला मोबदला त्याच्या आगेमागेचा. 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. 1972 चा दुष्काळ ज्यांनी खडी फोडून, सुकडी आणि लाल मिलो खाऊन काढला, त्यांना त्या वर्षी घरात कोण किती वर्षांचे होते हे नेमके सांगता येते. 14 ऑक्टोबर 1956 चे नागपूरचे धर्मांतर आणि 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप यांनी तर लाखो घरांच्या आयुष्याचे आधी आणि नंतर असे दोन भाग केले. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर झाला, त्यामुळे त्या भागातल्या माणसांना तारीख विचारावी लागत नाही. ‘थोरलीचं लग्न कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात’ एवढे कळले तरी पट पुढे सरकतो. सणवार लक्षात असले आणि तारीख नसली, तर त्या वर्षीचे पंचांग कामी येते.

नंतर माणसांकडे जावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘तेव्हा दिवस कसे होते’ असे विचारले की ‘फार हाल काढले’ एवढेच उत्तर मिळते. ‘रात्री दिवा कुठे असायचा’, ‘पाणी कोण भरायचं आणि कुठून’, ‘खानावळीचे महिन्याचे किती द्यावे लागायचे’, ‘चाळीतल्या खोलीत किती जण झोपायचे आणि रात्रपाळीवाले दिवसा कुठे झोपायचे’ असे विचारले तर बोलणे थांबत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव बोलून घ्यावे. सहा महिन्यांनी कोणते मुद्रण कोणाचे, हे ओळखता येत नाही. म्हातारे माणूस तासाभरात दमते. जुना फोटो किंवा पितळी डबा हातात दिला की त्याला बोलायला सोपे जाते. दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर खरे-खोटे लावत बसण्यापेक्षा दोन्ही द्याव्यात. भावाभावांत एकाच वाटणीची दोन कथानके असणे हीच त्या घराची खरी माहिती असते. बोलणारे नुसते आडनाव सांगून पुढे गेले तर त्यांना अडवू नये. नंतर विचारायचे म्हणून वहीत खूण करावी.

कमी शिकलेल्या ज्येष्ठांना स्वतः लिहायला लावणे हाही एक मार्ग आहे. नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ (1993) या पुस्तकामागे त्यांच्या वडिलांनी निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून लिहिलेल्या वह्या आहेत. ‘स्मृतिचित्रे’चे मूळही असेच. देवदत्त टिळकांना वडिलांचे, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे, चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या, आणि 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झालेले ते पुस्तक मराठी गद्याचा नमुना ठरले. लक्ष्मीबाईंनी पतीच्या विक्षिप्तपणाबद्दल जितक्या मोकळेपणाने लिहिले तितक्याच मोकळेपणाने स्वतःच्या सोवळ्याबद्दलही लिहिले, आणि दोन्हीकडे त्यांना हसता आले.

प्रत्यक्ष लेखनाचा पहिला खर्डा क्रमाने लिहिण्याची गरज नाही. जो प्रसंग सर्वांत स्पष्ट दिसतो तो आधी लिहावा. रोज दोनशे-तीनशे शब्द, म्हणजे साध्या वहीची दीड-दोन पाने, एवढे ठरवले तरी सात-आठ महिन्यांत दोनशे पानी पुस्तकाचा मजकूर होतो. लिहिताना मागचे दुरुस्त करत बसू नये, मात्र तारखेची किंवा नावाची शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जावे. बेबी कांबळे यांनी आपले लेखन घरच्यांच्या नजरेआड अनेक वर्षे लपवून ठेवले होते. ते 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि 1986 मध्ये पुस्तक झाले. घरातल्यांना रोजचे पान वाचून दाखवणारे लेखक हळूहळू घरातल्यांना आवडेल तेवढेच लिहू लागतात. पहिला खर्डा होईपर्यंत तो कोणाला न दाखवणेच श्रेयस्कर.

कच्च्या लेखनात सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे निष्कर्षाची भाषा. ‘बालपण अत्यंत गरिबीत गेले’ हे वाक्य कोणाच्याही पुस्तकात बसते, म्हणून ते कोणाचेच नसते. त्याऐवजी ‘पाटी एकच होती, सकाळच्या शाळेतून थोरला आला की ती धाकट्याच्या हातात जायची, आणि थोरल्याचा गृहपाठ कोळशाने भिंतीवर व्हायचा’ असे लिहिले की गरिबी हा शब्द वापरावा लागत नाही. प्रेमळ आई, कडक वडील, मायाळू आजी यांबाबतही हेच. वडील कडक होते तर ते घरात शिरताना चपला कशा काढत आणि तो आवाज ऐकून कोण काय लपवत असे, ते सांगावे. पैशाचे आकडे टाळू नयेत. पगार, भाडे, हुंडा, कर्ज, व्याजाचा दर, एसटीचे तिकीट हे आकडे पन्नास वर्षांनी वाचकाला वर्णनापेक्षा अधिक सांगतात. जेवणाचेही तसेच: ‘साधे जेवण’ म्हणजे कळण्याची भाकरी की वरी-तांदूळ, कोरड्यास काय, पहिल्यांदा कोण जेवायचे आणि शेवटी बाईच्या ताटात काय उरायचे. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मधली (2003) बांबूच्या टोपल्या विणणारी आई वाचकाच्या लक्षात राहते ती तिच्या हातच्या कामामुळे. कामाचे तपशील तर कधीच गाळू नयेत. साचेखात्यातला आवाज, बदली कामगाराचे पहाटे दरवाजावर उभे राहणे, तलाठ्याचे दप्तर, परिचारिकेची रात्रपाळी, यांची माहिती दुसऱ्या कोठे लिहिलेली सापडत नाही.

संवादांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. चाळीस वर्षांपूर्वीचे पानभर संभाषण शब्दशः आठवते असा दावा कोणी करू नये. वाचकाचा विश्वास तिथेच उडतो. घरात वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा सांगितले गेलेले एखादे वाक्य, शिवी, टोमणा, मरताना कोणी काढलेला उद्गार, एवढेच जसेच्या तसे ठेवावे. उरलेले बोलणे निवेदनातून सांगता येते.

भाषा हा मराठी लेखकाला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न आहे, विशेषतः घरात एक बोली आणि शाळेत दुसरी मराठी अशा दोन्हींत वाढलेल्याला. प्रमाण मराठीत लिहिले की माणसे परकी वाटतात आणि पूर्ण बोलीत लिहिले तर शहरी वाचक अडखळेल अशी भीती वाटते. अनेकांनी निवेदन प्रमाण मराठीकडे झुकते ठेवून बोलणे बोलीत ठेवले आहे. शांताबाई कांबळे यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (1986) असे नाव देऊन शीर्षकापासूनच बोली स्वीकारली. कोणताही मार्ग घेतला तरी तो मध्येच बदलू नये. अपरिचित शब्दांची यादी शेवटी देण्यापेक्षा अर्थ वाक्यातूनच कळेल अशी रचना करावी. सर्वांत वाईट म्हणजे लेखनासाठी म्हणून उसनी आणलेली, ‘नियतीच्या क्रूर खेळात’, ‘आयुष्याच्या सारीपाटावर’ अशी भाषा. तोंडाने असे कोणी बोलत नाही. लिहिलेले पान मोठ्याने वाचून पाहावे. जिथे स्वतःचाच आवाज बदलतो तिथे ते वाक्य खोडावे.

सगळे तुकडे हाती आल्यावर त्यांची मांडणी ठरवता येते. कुळाचा मूळपुरुष, गावाचे वर्णन, मग जन्म, ही सुरुवात इतक्या पुस्तकांत आहे की ती वाचकाने वगळायचीच असते. ज्या प्रसंगानंतर आधीसारखे काही राहिले नाही, तिथून सुरू करून मागे जाणे हा एक उपाय. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (1978) दगडू मारुती पवार हा दया पवारला आपली कहाणी सांगतो अशी योजना केली. शिकलेला, लेखक झालेला माणूस आणि वस्तीत वाढलेला पोरगा यांच्यातले अंतर त्या मांडणीतच आले. अशी युक्ती हौसेखातर वापरू नये, पण आपल्या मजकुरात असे काही अंतर आहे का हे तपासून पाहावे. साधा कालक्रमही चांगला असतो, फक्त घटना नसलेल्या वर्षांना प्रकरणे देऊ नयेत. ‘पुढची सहा वर्षे बदलीच्या अर्जात गेली’ या एका ओळीत सहा वर्षे मावतात.

स्वतःबद्दल लिहिताना दोन टोके सांभाळावी लागतात. एक आत्मस्तुतीचे, आणि ती नम्रतेच्या वेशातही येते. दुसरे, कमी ओळखले जाणारे, टोक म्हणजे स्वतःला सतत सोसणारा म्हणून उभे करणे. ज्या पुस्तकात निवेदकाचा एकदाही दोष नसतो त्यातल्या इतरांच्या दोषांवर वाचक विश्वास ठेवत नाही. निवेदकाने कोणाला फसवले, कोणाची जात मनात धरली, बहिणीच्या शिक्षणाचे पैसे कोणाच्या शिक्षणाला गेले, हे प्रश्न पहिल्या खर्ड्यानंतर स्वतःला विचारावेत. आत्मकथन कबुलीजबाब होण्याची आवश्यकता नाही, पण उत्तर माहीत असताना ते झाकलेले वाचकाला कळतेच.

इतरांबद्दल किती लिहावे, हा प्रश्न खरा अवघड आहे. सुनीता देशपांडे यांनी ‘आहे मनोहर तरी’ (1990) पु. ल. देशपांडे हयात असताना लिहिले आणि महाराष्ट्राच्या लाडक्या लेखकाचा संसारातला चेहरा वाचकांपुढे ठेवला. अनेकांना ते रुचले नाही. आयुष्य एकट्याचे नसल्यामुळे दुसऱ्याचे काही ना काही सांगितले जाणारच. एक नियम बऱ्याच अंशी उपयोगी पडतो: जी गोष्ट निवेदकाच्या आयुष्याला वळण देते ती सांगावी, जी फक्त दुसऱ्याचे गुपित आहे ती सोडावी. बहिणीचा मोडलेला संसार निवेदकाच्या घरात मुक्कामाला आला असेल तर तो त्याच्या कथेचा भाग. चुलत्याचे प्रकरण केवळ चवीसाठी घेतले असेल तर नाही. हयात असलेल्या जवळच्या माणसांना त्यांच्याविषयीची पाने छापण्यापूर्वी वाचायला द्यावीत. ती मान्य करतीलच असे नाही, पण तथ्याच्या चुका तरी निघतात. नाव बदलायचे असेल तर नुसते नाव बदलून भागत नाही. गाव, धंदा आणि नातेही बदलावे लागते, आणि तसे केल्याचे प्रस्तावनेत सांगावे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली येतो. मजकूर सत्य असणे एवढा बचाव फौजदारी प्रकरणात पुरत नाही. तो लोकहितासाठी प्रसिद्ध केला हेही दाखवावे लागते. मृत व्यक्तीबद्दलचा मजकूरही, तिच्या घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिला असल्यास, यात मोडू शकतो. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या दुसऱ्या व्यक्तीची ओळख छापण्यास मनाई आहे. आत्मचरित्र आणि खासगीपणा यांवरचा महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये आर. राजगोपाल प्रकरणात दिला. तमिळनाडूतल्या ‘नक्कीरन’ साप्ताहिकाला फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचे आत्मचरित्र छापायचे होते आणि तुरुंग अधिकाऱ्यांचा त्याला विरोध होता. सरकारी अधिकाऱ्यांना बदनामीच्या भीतीने प्रकाशन आधीच रोखता येणार नाही, आणि सार्वजनिक अभिलेखावर असलेली माहिती संमतीशिवायही छापता येते. मात्र त्यापलीकडे एखाद्याच्या घर, विवाह, कुटुंबाविषयी संमतीविना लिहिले तर जबाबदारी येऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून ज्या दाव्याला कागद आहे त्याची प्रत जपून ठेवावी.

पत्रे छापण्याआधीही विचार करावा. पत्राचा कागद ज्याला आले त्याचा असला तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा असतो आणि त्याच्या मृत्यूनंतरही वारसांकडे राहतो. मित्राची, गुरूची किंवा एखाद्या नामवंताची पत्रे पूर्ण द्यायची तर लेखी परवानगी घ्यावी. नाहीतर आशय आपल्या शब्दांत सांगावा. गाण्याच्या, कवितेच्या ओळींनाही हेच लागू आहे, आणि मराठी आत्मचरित्रांत प्रकरणाच्या माथ्यावर कवितेची ओळ घालण्याची इतकी हौस आहे की ही सूचना बहुतेकांना लागू पडते.

लिहिता येत नसेल किंवा वेळ नसेल, तर दुसऱ्याकडून लिहून घेण्यात कमीपणा नाही. अभिनेत्री हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (1970) अरुण साधू यांनी शब्दांकित केले. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (1977) हा चित्रपट त्यावरच आधारलेला आहे. शब्दांकन करणाऱ्याशी आधीच लेखी करार करावा. मुखपृष्ठावर कोणाची नावे, मानधन किती, स्वामित्वहक्क कोणाचा, ध्वनिमुद्रणे कोणाकडे राहणार आणि अंतिम मजकुरावर शेवटचा शब्द कोणाचा, एवढे त्यात असावे. शब्दांकन झाल्यावर सांगणाऱ्याने ते पूर्ण वाचून किंवा ऐकून घ्यावे. शब्दांकनकार बोलणे सुधारतात, आणि सुधारता सुधारता माणूस बदलतो. ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापले ते त्यांच्या संस्करणासह. मूळ हस्तलिखित टिकले म्हणूनच 1966 मध्ये द. वा. पोतदारांना गोडश्यांचे स्वतःचे शब्द वाचकांपुढे आणता आले.

दुसऱ्या खर्ड्यात मुख्यतः कापायचे असते. पुनरुक्ती, आभाराची पाने, प्रसंगानंतर जोडलेले तात्पर्य आणि कोणाला वाईट वाटू नये म्हणून घातलेली नावे आधी जातात. हे स्वतःला जमत नसेल तर घराबाहेरच्या, नीट वाचणाऱ्या माणसाला द्यावे. अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करून घ्यावी. जुन्या, बिगरयुनिकोड फॉन्टमधला मजकूर पुढे दुसऱ्या संगणकावर उघडत नाही आणि शोधताही येत नाही. मोबाइलवर बोलून टंकलेखन करता येते, पण बोलीतले शब्द ते यंत्र प्रमाण करून टाकते, त्यामुळे प्रत्येक पान तपासावे लागते. एक-दोन प्रकरणे आधी दिवाळी अंकाकडे पाठवावीत. संपादकाच्या आणि वाचकांच्या पत्रांतून उरलेल्या पुस्तकाला दिशा मिळते. प्रकाशक सगळा खर्च लेखकाकडून मागत असेल तर प्रतींची संख्या, किंमत आणि न विकल्या गेलेल्या प्रतींचे काय, हे कागदावर घ्यावे. घरगुती आवृत्तीसाठी मागणीनुसार छपाई स्वस्त पडते. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर 1954 च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई आणि दिल्लीतल्या नेमलेल्या ग्रंथालयांना 30 दिवसांच्या आत प्रती पाठवायच्या असतात. स्वतः छापणाऱ्यावरही ही जबाबदारी येते. याशिवाय गावचे वाचनालय, जिल्हा ग्रंथालय आणि जवळचे विद्यापीठ यांना एकेक प्रत द्यावी. मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नयेत, त्याने ते खराब होतात आणि पुन्हा सोडवता येत नाहीत. त्यांची स्कॅन केलेली प्रत किमान दोन ठिकाणी, ध्वनिमुद्रणांसोबत, नाव आणि तारीख लिहून ठेवावी, आणि पुस्तकात न घेतलेला मजकूरही त्याच गठ्ठ्यात बांधून ठेवावा.